मोगऱ्याचा बहार धरताना: खान्देशातल्या काळ्या मातीत, आखाजीच्या हिशोबानं

आमच्या अंगणातला पहिला मोगरा पाच वर्षं नुसता पानांनीच भरला. रोज सकाळी नळी लावून पाणी, महिन्याला मूठभर युरिया, वर दारच्या कडुनिंबाची सावली. झुडूप डोक्याइतकं झालं, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि फुलं? एका उन्हाळ्यात मी मोजून सात वेचली. गजरा सोडाच, देवघरातल्या सगळ्या देवांना एकेक पुरलं नाही.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भडगावकडचे मामा आले. त्यांची मोसंबीची बाग. झाडाभोवती एक फेरी मारली, पायानं ओली माती दाबून पाहिली आणि अहिराणीत एकच विचारलं, "येले कधी ताण दिन्हा का?"

मोगऱ्याला ताण, म्हणजे काही दिवस मुद्दाम पाणी तोडणं! लिंबू-मोसंबीला ताण देतात, डाळिंबाचा बहार धरतात, म्हणजे ठरवून एकदम फुलवतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अंगणातलं फुलझाड म्हटलं की आपण त्याला पाहुण्यासारखं खाऊ घालत बसतो. मोगऱ्याचं फूल येतं नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुन्या लाकडावर ते येत नाही, आणि बारमाही ओल्या मातीत पोसलेली फांदी नुसती लांबत जाते. सगळ्या फांद्या एकदम नव्यानं फुटाव्यात यासाठी झाडाला आधी थांबवावं लागतं, मग छाटावं लागतं, मग खाऊपिऊ घालावं लागतं. मोसंबीचा आंबे बहार (हिवाळ्याअखेर फुलणारा) ज्या दिवसांत धरतात, जवळपास त्याच दिवसांत मोगऱ्याचाही धरायचा. खाली जे लिहिलंय ते त्या एका प्रश्नानंतर आठ-नऊ वर्षांत जमत गेलेलं.

रोप घेताना

नर्सरीत नावांचा घोळ असतो. एकाचा बटमोगरा दुसऱ्याकडे हजारी असतो. नावावर जाऊ नका, फूल लागलेलं रोप बघून घ्या. एकेरी पाकळ्यांचा मोगरा भराभर वाढतो, वेलासारखा पसरतो, वासाला उत्तम, पण फूल लवकर गळतं. पाकळ्यांचे दोन-तीन थर असलेला दुहेरी मोगरा गजऱ्याला सगळ्यात चांगला. झुडूप आटोपशीर राहतं, कळ्या भरपूर येतात. छोट्या गुलाबासारखं गच्च फूल येणारा प्रकार दिसायला देखणा, पण वाढ मंद आणि फुलं मोजकी. फूल नसताना तो ओळखायचा तर पानं बघा: इतर मोगऱ्यांना पेऱ्यावर समोरासमोर दोन पानं असतात, याला बऱ्याचदा तीन. अंगणात एकच झाड लावणार असाल तर दुहेरीच घ्या.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, लाल मातीच्या गोळ्यासकट. हा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला की वर्षभरानं उकरून पाहा, विटेसारखा कडक झालेला असतो आणि मुळं आतल्या आतच फिरत असतात. भोवतालची काळी माती ओली, मधला गोळा कोरडा ठाक. म्हणून पिशवी फाडल्यावर गोळा बादलीभर पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बाहेरची बोटभर माती हातानं सैल करून काढा, गोल फिरलेली मुळं उलगडा किंवा कात्रीनं तोडा. हे पावसाळ्यात करायचं. मे महिन्यात मुळं उघडी केलीत तर रोप गेलंच समजा.

जागा

कमीत कमी सहा तास ऊन हवं. कडुनिंबाखाली मोगरा जगतो, फुलत नाही. मी ते पाच वर्षं करून पाहिलंय. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला तरी जमिनीतला मोगरा हटत नाही, उलट उन्हाचा कडाका आणि फुलांचा बहर बरोबरच चालतात. फक्त सिमेंटच्या पश्चिम भिंतीला चिकटून लावू नका. ती भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या. दोन झाडांत चार फूट ठेवा. आणि शक्य असेल तर खाट टाकता त्या बाजूला लावा. मोगरा संध्याकाळनंतर उमलतो, त्याचा वास रात्रीचा. फाटकाजवळ लावून तो जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटण्यात काय मजा?

काळी माती: खड्डा नको, ओटा हवा

बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं: दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, अर्धी वाळू, अर्धं शेणखत भरा. कोकणात चालेल. आपल्या तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत असा खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूची चिकण माती पाणी जिरू देत नाही आणि वाळूच्या खड्ड्यात सगळीकडचं पाणी येऊन साठतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत मोगऱ्याची मुळं त्यात कुजतात. वरून पानं पिवळी पडतात, आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि आणखी खत-पाणी घालून त्याला मारतो.

आधी परीक्षा घ्या. हातभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जमीन चांगली, नेहमीसारखा खड्डा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसतंय? मग खड्डा नकोच. जमीन टिकावानं वीतभर खणून मोकळी करा आणि तिच्यावर फूटभर उंच, तीन फूट रुंद ओटा घाला. ओट्यासाठी प्रमाण असं: दोन पाट्या तिथलीच काळी माती, एक पाटी बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. कडेला विटा किंवा दगड लावले की पावसात ओटा ढासळत नाही.

शेणखत कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर चुरा झाला पाहिजे, वास मातीचा यायला पाहिजे. ओलं शेण टाकलंत की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) दोघीही पाहुणचाराला येतात.

लागवड जून-जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा, खोडाभोवती माती दाबा, काठीचा आधार द्या. लावल्यावर शेंडे चार बोटं खुडा, म्हणजे खालून फुटवे येतील. पहिल्या वर्षी कळ्या दिसल्या तर खुडून टाका. जिवावर येतं, पण खुडा.

ताण आणि छाटणी

हे झाड दोन वर्षांचं झाल्यावर. त्याआधी ताण देऊ नका, कोवळी मुळं सोसत नाहीत.

डिसेंबरच्या मध्याला जमिनीतल्या झाडाचं पाणी बंद करा. पूर्ण बंद. शेजारच्या तुळशीचं, भांडी घासायच्या मोरीचं पाणी तिकडे झिरपत नाही ना, तेही पाहा. आमच्याकडे एक वर्ष ताणच बसला नाही, कारण बादलीतलं उरलेलं पाणी कोणीतरी रोज तिथंच ओतत होतं. भारी जमिनीत ताण बसायला २५ ते ३० दिवस लागतात, मुरमाड जमिनीत पंधरवडाही पुरतो. दिवसांपेक्षा झाड वाचा. पानांची चकाकी जाते, ती फिकी पडतात, खालची काही पिवळी होऊन गळतात. इथवर ठीक. फांदीवर नखानं ओरखडा काढा: आत हिरवं असेल तर झाड नुसतं झोपलंय. शेंडे काळे पडून वाळायला लागले तर ताण जास्त झाला, लगेच थोडं पाणी द्या.

छाटणी संक्रांतीनंतर, जानेवारी संपायच्या आत. थंडीची लाट असेल, पारा दहाच्या खाली असेल, तर आठ दिवस थांबा. कडाक्याच्या थंडीत छाटलेलं झाड डोळे मिटून बसतं आणि फुटवा मागेपुढे येतो.

सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) धारदार हवं. बोथट कात्रीनं फांदी चेचली जाते आणि तिथून वाळत जाते. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा. मग उरलेल्या सगळ्या फांद्या जमिनीपासून दीड फुटावर कापा. हो, दीड फूट, गुडघ्याइतकं. पहिल्या वर्षी माझा हात धजेना. मी नुसते शेंडे कातरले आणि फुलंही शेंड्याशेंड्यालाच आली. दुसऱ्या वर्षी डोळे मिटून कापलं. अंगणात राखाडी काड्यांची एक जुडी तेवढी उभी राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगलं झाड होतं हो!" एप्रिलमध्ये त्याच काकू परडी घेऊन यायच्या.

काप डोळ्याच्या (फांदीवरच्या अंकुराच्या) पाव इंच वर, तिरका, आणि डोळा झुडपाच्या बाहेरच्या अंगाला तोंड करून असलेला निवडा. त्यामुळे नवी फूट बाहेर पसरते, मध्ये हवा खेळते. झाड पाच-सहा वर्षांचं असेल तर दरवर्षी सर्वांत जुनी, सालपटं निघालेली एक-दोन खोडं जमिनीलगत काढून टाका. उरलेल्या काड्यांवर पानं राहिली असतील तर तीही हातानं सुता. अर्धवट पानं राहिली की तेवढ्याच फांद्या जुन्या तोऱ्यात राहतात आणि बहर एकदम येत नाही.

छाटणीनंतर खोडापासून वीतभर सोडून माती खुरप्यानं चाळा, मुळं उघडी पाडू नका. दोन घमेली शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि साधारण १०० ग्रॅम १०:२६:२६ मिश्रखत गोलाकार पसरून मातीत मिसळा. मग पाणी. ताण तोडताना एकदम भरपूर पाणी ओतायचं नाही. पहिलं हलकं, मामा त्याला आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी दुसरं जरा जास्त. आठवड्यानं तिसरं पोटभर. त्यानंतर नेहमीचं.

दोन-तीन आठवड्यांत काड्यांवर तांबूस-हिरवे ठिपके दिसतात, फेब्रुवारीत ऊन चढेल तसे ते भराभर लांबतात. मार्चच्या उत्तरार्धात पहिल्या कळ्या, एप्रिल-मेमध्ये भर. आखाजी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत कधीही पडते, त्यामुळे गौराईच्या पूजेला आणि झोक्यावरच्या माहेरवाशिणींच्या वेण्यांना मोगरा हमखास असतो. एका वर्षी आखाजी लवकर होती म्हणून मी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात छाटलं. काही मिळालं नाही. फूट उन्हाच्या हिशोबानंच आली, पंचांगाच्या नाही.

पाणी आणि पिवळी पानं

फुटव्यानंतर जमिनीतल्या झाडाला मार्चमध्ये पाच-सहा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी पुरतं. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर देऊ नका. ठिबक असेल तर ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर खोडाच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर ठेवा, खोडाशी नको. वर आच्छादन घाला. केळीची वाळलेली पानं आपल्याकडे रावेर-यावलला ढिगानं मिळतात, नाहीतर गव्हाचा भुसा. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्या मात्र नकोत, उधईला त्या फार आवडतात. आच्छादन खोडापासून चार बोटं दूरच असू द्या.

आता पिवळेपणा. खान्देशात मोगऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, आणि त्याचं कारण नव्वद टक्के लोक चुकीचं समजतात. आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर, बोअरचं पाणी क्षाराचं. जमिनीत लोह असतं, पण अशा मातीत ते मुळांना घेता येत नाही. ओळख सोपी आहे:

- शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह कमी.
- खालची जुनी पानं आधी पिवळी, वाढ थंड: नत्र कमी.
- सगळंच झाड मलूल, फिकं, माती ओलसर: मुळं पाण्यात आहेत, खत विसरा, निचरा करा.

चुनखडी पाहायची तर सुक्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं की समजा.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, त्यात आधी अर्धं लिंबू पिळा, संध्याकाळी पानांवर फवारा. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. गंजासारखं तांबूस झालं तर ते फुकट गेलं, नवं करा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारताना उमललेल्या फुलांवर आणि फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाहीत. हाच हिराकस चुनखडीच्या मातीत टाकला तर थोड्याच दिवसांत तो निरुपयोगी होतो. मातीतून द्यायचंच असेल तर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह) घ्या, आणि पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का ते बघा. ईडीटीए स्वस्त असतं, पण आपल्या मातीत टिकत नाही. डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचा मारा नको. जादा स्फुरदानं हाच पिवळेपणा वाढतो.

केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा वगैरे विचारू नका. केळीच्या जिल्ह्यात राहून सालीचं पाणी बाटलीत भरणं मला तरी जमत नाही. साल कंपोस्टमध्ये टाका. दुधा-साखरेच्या चहाचा चोथा टाकलात तर मुंग्यांची सोय होते.

कुंडीत लावणार असाल तर

बारा ते चौदा इंची कुंडी, मातीची किंवा पांढरी. गच्चीवर काळी प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्यात हात लावून बघा, मग मुळांचं काय होत असेल ते कळेल. कुंडीला भिजवलेलं गोणपाट गुंडाळा, दोन विटांवर ठेवा, किंवा मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवून मधे वाळू भरा. दुपारी दोननंतर सावली मिळाली तर उत्तम. पाणी रोज सकाळी, अगदी कडाक्यात दोनदा.

कुंडीला जमिनीसारखा ताण देऊ नका, ती चार दिवसांत मेलेली सापडेल. डिसेंबरअखेर पाणी निम्म्यावर आणा, पानं जरा माना टाकायला लागली की थोडं द्या, असे १०-१२ दिवस काढा. छाटणी फूटभर उंचीवर. खत मुठीनं नाही, चमच्यानं. काठाला पांढरा थर दिसला की क्षार साठले: महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहेपर्यंत पाणी सोडा. पावसाळ्यात पिंपभर पागोळीचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं औषध नाही. दर दोन वर्षांनी छाटणीच्या वेळीच गोळा बाहेर काढून कडेची दोन बोटं मुळं कापा आणि नवी माती भरा.

किडी

कळी उमलायच्या आधीच जांभळट-गुलाबी पडून वाळते, किंवा दोन-तीन कळ्या जाळीनं चिकटलेल्या आणि आत भोक असतं. पहिलं काम माशीचं, दुसरं अळीचं. अशा कळ्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात टाका, झाडाखाली टाकू नका. कळ्या जोंधळ्याएवढ्या असतानाच निंबोळी अर्क फवारायला लागा: ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला, दिवस मावळताना फवारा. निंबोळ्या आपल्याकडे जूनमध्ये रस्तोरस्ती पडतात, वाळवून ठेवा.

मेमध्ये पानं भुरकट, तांबूस दिसली आणि खाली बारीक जाळी असली तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस लागोपाठ. गंधकाची भुकटी सुचवतात, पण ३५ अंशांच्या वर ती पानं भाजते, आणि आपला मे त्याच्या कितीतरी पुढचा.

वेचणी आणि पावसाळा

गजऱ्यासाठी कळी पूर्ण पांढरी, टपोरी, पण मिटलेली हवी. दुपारी चारनंतर वेचा, ओल्या पातळ फडक्यात गुंडाळून ठेवा, साडेआठ-नऊला हातात उमलते. हिरवट कळी वेचलीत तर ती उमलतच नाही, नुसती पिवळी पडते.

फुलं संपलेली फांदी दोन पेरं खाली कापत चला, महिन्या-सव्वा महिन्यात बाजूनं पुन्हा फूट येते. जूनमध्ये सगळ्या झाडाला हलकी छाटणी, जानेवारीइतकंच खत, आणि जुलै ते सप्टेंबर थोडीफार फुलं मिळतात, उन्हाळ्याच्या चौथाईही नाहीत आणि पावसानं भिजलेली. नोव्हेंबरपासून खत बंद.

पावसाळ्यात मी आणखी एक काम करते. पेन्सिलीएवढ्या जाडीची खालची फांदी जमिनीकडे वाकवायची, शेंड्यापासून हातभर अंतरावर पेऱ्याखाली साल थोडी खरवडायची, तो भाग तीन बोटं मातीत दाबून वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर. सहा-आठ आठवड्यांत मुळं सुटतात. मग आईपासून तोडायचं, पण आणखी पंधरा दिवस तिथंच राहू द्यायचं, मगच पिशवीत घ्यायचं. दोन्ही भाच्यांना आणि त्या काकूंना मी अशीच रोपं दिली. पिशवीत आमच्याच ओट्याची माती भरते, त्यामुळे लावताना गोळा फोडायची गरज पडत नाही. काकूंचं झाड यंदा दोन वर्षांचं होतंय. डिसेंबरात त्यांच्याकडे जाऊन नळी बंद करायची आहे.